वाफ्यातली वीज

संत्र्याचं नाव काढू नका. आमच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा चहाचा पहिला घोट घेतला की हेच विचारतो, "काय म्हणता, संत्र्यावर बल्ब लावता म्हणे तुम्ही?" आणि स्वतःच हसतो. हो, लावला. आठ संत्री, आठ जस्ताच्या पट्ट्या, आठ तांब्याच्या तारा, आणि हाताचा आडोसा करून बघावा लागणारा एक एवढासा लाल दिवा. ती वीज संत्र्याची नसते, झिजणाऱ्या जस्ताची असते, असं मी समजावून सांगायला लागले की त्याच पाहुण्याला घरी गॅसवर दूध ठेवल्याचं आठवतं.

मी नागपुरातल्या एका कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढली. शिकवायला नाही. मी कपाट उघडून साहित्य काढून देणारी, पोरांनी उलटसुलट जोडलेल्या तारा सोडवणारी, संध्याकाळी मीटर मोजून परत ठेवणारी. सर येत, फळ्यावर लिहीत, जात. प्रयोग चालतो का नाही हे मात्र मला आदल्या दिवशीच माहीत असायचं, कारण तो मी करून पाहिलेला असायचा. माझे वडील हातमागावर बसायचे. धागा कुठे तुटला ते त्यांना न बघता, बोटानं कळायचं. मला तारेचं तसं कळतं. हे मी कोणाला सांगत नव्हते, कारण साहित्य काढून देणाऱ्या बाईला काय कळतं हे सगळ्यांनी आधीच ठरवलेलं होतं.

रिटायर झाल्यावर मी म्हटलं, तीस वर्षं दुसऱ्यांच्या प्रयोगांची तयारी केली, आता माझे प्रयोग. सूर्य आणि वारा सोडून वीज कुठे कुठे लपलेली आहे, ते मला पाहायचं होतं. बायका रिटायर झाल्या की भिशी लावतात, भजनाला जातात. जावं त्यांनी. मला तांब्याची नळी हातात घेतली की बरं वाटतं, त्याला मी काय करू?

प्रतापनगरात आमचं घर आहे. पुढे गेट, गाडीची जागा, आणि बाजूनं शेजाऱ्यांच्या भिंतीलगत मातीची एक लांबट पट्टी. चार पावलं रुंद, बारा पावलं लांब. त्यात कढीपत्ता, गवती चहा, आणि उरलेल्या जागेत माझा वाफा. एका वर्षी मी त्यात तांब्याच्या नळीचा एक तुकडा ठोकला आणि हातभर अंतरावर जस्ताची एक जाड पट्टी. ओल्या मातीत दोन वेगळे धातू रोवले की त्यांच्यामध्ये थोडीशी वीज तयार होते. ही काही जादू नाही, हे फार जुनं ज्ञान आहे. पण थोडीशी म्हणजे किती थोडीशी, तर माझ्या मीटरवर शून्य पूर्णांक नऊ व्होल्ट. पांढरा एलईडी दिवा लावायला जवळजवळ तीन लागतात. मी माती बदलली, मीठ घातलं, शेणखत घातलं, पट्ट्या खोल नेल्या, जवळ आणल्या. नऊच्या वर आकडा जाईल तर शपथ.

आमच्या ह्यांची नजर त्या मातीच्या पट्टीवर होती. ह्यांना सगळीकडे सिमेंटचे गट्टू, म्हणजे फरशीसारखे ठोकळे, हवेत. गल्लीत सगळ्यांनी लावलेत, चिखल नाही, झाडझूड नाही, स्कूटर कुठेही उभी करा. एप्रिलात एके सकाळी हे म्हणाले, "मृगाच्या आधी गट्टू लावतो म्हणजे लावतो. किती दिवस मातीत सळाखी ठोकून राहणार आहेस?"

"दिवा लागेपर्यंत."

"अन् नाही लागला तर?"

"मृगाच्या आधी दिवा नाही लागला तर लावा तुमचे गट्टू. लागला तर त्या मातीले पुन्हा हात लावायचा नाही. सगळ्या गल्लीपुढे कबूल करायचं."

ह्यांनी हो म्हटलं. मी हरणार याची त्यांना खात्रीच होती. ती पट्टी गेली असती तर मला बसायला जागा राहिली नसती. घरात माझं एक टेबलसुद्धा नाही, आणि सारवासारव कशाला करू, मला त्या मातीवाचून चैन पडत नव्हतं.

भिंतीपलीकडे शेजारी राहतात. सरकारी खात्यातून रिटायर झालेले इंजिनिअर, सगळी गल्ली त्यांना साहेब म्हणते. त्यांनी आयुष्यभर पूल बांधले. पण इंजिनिअर म्हटलं की माणसाला सगळंच येतं असा त्यांचा समज, त्यामुळे नळ, गॅस, गाडी, कूलर, सगळ्यांत त्यांचा हात. रोज सकाळी भिंतीवरून डोकावून विचारायचे, "वहिनी, झाली का माती चार्ज?" मी म्हणायची, "भाऊजी, तुमच्या पुलाले लागले तेवढे दिवस तर लागू द्या." ते हसायचे. हसण्यात वाईट काही नव्हतं म्हणा, पण रोज कोणी हसलं की ते अंगात मुरतं.

त्यांचा कूलर त्याच भिंतीला लागून, खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर. आमच्याकडे मे महिन्यात कूलर म्हणजे घरातला एक माणूसच. त्यातलं पाणी सतत ठिबकायचं आणि भिंतीखालून झिरपून माझा वाफा ओला ठेवायचं. मला आयतं पाणी मिळायचं म्हणूनच मी सळाखी तिथे ठोकल्या होत्या. कूलरचं अर्थिंग साहेबांनी स्वतः केलेलं. बांधकामाची एक गंजकी सळाख मातीत ठोकून तिला वायर गुंडाळलेली. मी ती शंभरदा पाहिली होती. काही बोलले नाही, कारण आपण बोलावं आणि त्यांनी पुलांच्या गोष्टी सुरू कराव्यात, कोण ऐकणार?

आमच्या दोन्ही घरी कामाला एकच बाई येते. चाळिशीची, माहेर पारशिवनीकडचं, कामाला विजेसारखी. आमची भांडी आटोपली की ती पलीकडे जाते आणि दुपारी एकच्या सुमारास साहेबांचा कूलर भरते. चप्पल ती गेटपाशी काढते. तिला कोणी सांगितलेलं नाही, पण जिथे जिथे काम करते तिथे तिथे गेटपाशीच काढते, आमच्याकडेही. घरातली माणसं अंगणात स्लिपर घालून फिरतात आणि काम करणारी बाई अनवाणी. हे मला तेव्हा दिसत नव्हतं. दिसत होतं, पण त्यात बघण्यासारखं काही आहे असं वाटत नव्हतं.

एप्रिल संपता संपता ती एकदा मला म्हणाली, "ताई, साहेबाच्या कूलरले हात लावला की झिनझिनी येते वं मले. पार कोपरापावतर."

मी तेव्हा तांब्याची नळी घासत होते. मान वरही केली नाही. "दिवसभर हात पाण्यात राहते तुझे, आखडले असतील. तेल लाव."

पुन्हा एकदा बोलली तेव्हा मी म्हटलं, साहेबांना सांग. तिनं सांगितलं. साहेबांनी तिच्यासमोर कूलरवर पंजा टेकवला आणि म्हणाले, "हे बघ. आहे का करंट?" रबरी स्लिपर घालून. तिनं मला हे येऊन सांगितलं, आणि मीसुद्धा म्हटलं, "पाहिलं ना? मग?" त्यानंतर ती बोलली नाही.

मेच्या मध्यावर एका दुपारी, साडेबाराच्या उन्हात, मी सवयीनं पांढरा दिवा त्या दोन तारांना जोडला आणि तो लागला. मिणमिणता नाही, चांगला टक्क. मी ओरडले. एवढ्या जोरात ओरडले की हे बनियनवरच बाहेर आले. खाली वाकून बघत राहिले, मग म्हणाले, "लागला बाप्पा!" मी म्हटलं, "आता बोला!" साठीच्या उंबरठ्यावरची बाई अंगणात नाचते का? मी नाचले.

मीटर लावलं तर आकडा शून्य पूर्णांक नऊवरच. आता कोणीही विचारेल, नऊवर पांढरा दिवा लागतोच कसा? मी तीस वर्षं पोरांना ओरडले की आकडा आणि डोळा जुळत नसेल तर थांबा, सगळं पुन्हा तपासा. मी थांबले नाही. मी म्हटलं, मीटरची बॅटरी उतरली असेल. मी जिंकले होते ना! जिंकलेल्या माणसाला मीटरशी काय देणंघेणं?

भिंतीवरून साहेबांना बोलावलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बॅटरी पुरून ठेवली नाही ना वहिनी?" मी खुरपं त्यांच्या हातात दिलं, म्हटलं, खणा. त्यांनी खणलं नाही. मी तिथल्या तिथे जाहीर केलं, रविवारी संध्याकाळी पाच वाजता सगळ्या गल्लीनं यावं, पन्हं मिळेल, आणि हे सगळ्यांपुढे गट्टूंचा नाद सोडल्याचं सांगतील. हे आत निघून गेले. मला त्या चार दिवसांत जेवणसुद्धा गोड लागत होतं.

शनिवारी दुपारी लाइन गेली. आमच्याकडे उन्हाळ्यात लाइन जाणं ही काही बातमी नाही. सगळे पंखे, सगळे कूलर एकदम बंद पडले आणि गल्लीत ती विचित्र शांतता पसरली. आणि मला काय वाटलं सांगू? मला आनंद झाला. अख्ख्या प्रतापनगरात आत्ता एकच दिवा चालू असणार, माझा! हातपंखा घेऊन मी ऐटीत बाहेर आले.

माझा दिवा बंद होता.

तारा हलवल्या. पाणी ओतलं. काही नाही. मी उकिडवी बसून राहिले, डोक्यावर ऊन, पाठ भाजून निघाली. पंधरा-वीस मिनिटांनी लाइन आली, पलीकडे साहेबांच्या कूलरचा पंखा घरघरला, पाण्याचा पंप सुरू झाला, आणि माझ्यासमोर माझा दिवा टक्क लागला.

मातीची वीज लाइनबरोबर जाते का? अगं बाई, जाते का?

मीटरला दोन जागा असतात. बॅटरीची वीज एकाच दिशेनं वाहते, ती मोजायला एक. घरातली वीज सारखी दिशा बदलते, ती मोजायला दुसरी. मी सगळे दिवस खटका पहिल्या जागेवर ठेवला होता, कारण मला जे सापडायला हवं होतं ते तिथे मोजतात. आता मी खटका दुसरीकडे फिरवला. साडेअकरा व्होल्ट. म्हणजे घरातली वीज मातीत उतरत होती. कूलरमधून, त्या गंजक्या सळाखीतून, ओल्या चिखलातून. माझ्या दोन सळाखी वाटेत उभ्या होत्या आणि मी त्याला माझी वीज म्हणत होते.

पहिला विचार मला कोणता आला ते खरं सांगते. उद्या पाच वाजेपर्यंत गप्प बसायचं. एकच दिवस. गल्ली येईल, बघेल, हे कबूल करतील, पट्टी माझी होईल, आणि सोमवारी मी साहेबांना हळूच सांगेन की कूलर जरा दाखवून घ्या. हा विचार माझ्या डोक्यात आला आणि थोडा वेळ राहिलाही. त्याची मला आजही लाज वाटते, पण आला तर आला.

मग पलीकडे पाइप ओढत आणल्याचा आवाज झाला. एक वाजला होता.

झिनझिनी. पार कोपरापावतर.

मी भिंतीला धरून वर झाले. ती बाई चिखलात अनवाणी उभी, एका हातात पाइप, दुसरा हात कूलरचं झाकण उचलायला पुढे. मी किंचाळले, "हात लावू नको! सर मागं! मागं सर वं!"

ती दचकली, पाइप खाली पडला, पाणी तिच्या पायांवर. पण सरली. दोन पावलं, मग तिसरं, फरशीवर गेली. साहेब आवाजानं बाहेर आले. "काय झालं वहिनी? साप आहे का?"

"कूलर बंद करा. आतून. त्याले हात न लावता."

"कायले?"

"बॉडीत करंट आहे."

ते हसले. तेच हसणं. "मी स्वतः अर्थिंग केलंय वहिनी. मी इंजिनिअर आहे." आणि चिखलात उतरून कूलरवर पंजा टेकवायला निघाले, त्या दिवशीसारखा.

माझं डोकं फिरलं. "पुलांचे! पुलांचे इंजिनिअर आहात तुम्ही! चप्पल काढा. आधी चप्पल काढा न् मग लावा हात."

असं कोणी त्यांच्याशी बोललेलं नसावं. त्यांच्या सौभाग्यवती खिडकीत आल्या, आमचे हे मागून "अवं, अवं" करत आले. साहेबांनी रागानं एक स्लिपर काढली. उघडा पाय चिखलावर धरला. कूलरकडे बघितलं. मग त्या बाईकडे बघितलं, तिच्या ओल्या पायांकडे. पाय खाली टेकवलाच नाही. परत स्लिपरमध्ये घातला.

"नका लावू," मी म्हटलं. "मी काही तुम्हाला मरायला नाही सांगत. मीटर घ्या." भिंतीवरून मीटर दिलं, एक टोक कूलरच्या पत्र्याला, एक मातीत. त्यांनीच वाचलं, मोठ्यानं नाही, ओठांत. मी विचारलं, किती? तेव्हा म्हणाले, "एकशे आठ." आणि आत जाऊन बटण बंद केलं. त्याच क्षणी अलीकडे माझा दिवा विझला. ते बाहेर आले, त्यांनी विझलेला दिवा पाहिला, आणि माणूस हुशार आहे, लगेच कळलं त्यांना. "म्हणजे वहिनी, तुमची मातीची वीज..."

"हौ. तुमच्या कूलरची."

मिस्त्री आला, पंप काढला. पंपाच्या आतल्या वेटोळ्याचं आवरण कुजून तार पाण्याला लागली होती, दर दिवशी थोडी थोडी. हात लावणाऱ्यानं अजून आठ दिवस काढले असते की नसते, देव जाणे, असं तो म्हणाला.

रविवारी पाच वाजता गल्ली आली. मी कोणाला येऊ नका म्हणून निरोप दिला नव्हता. तोंड लपवायला मी काही चोरी केली नव्हती. पन्हं वाटलं आणि उभं राहून सांगितलं की दिवा लागला तो साहेबांच्या कूलरवर, मातीवर नाही, मी चुकले, खटका फिरवून पाहिला नाही. लोक हसले. साहेब सगळ्यात जास्त हसले, त्यांनाही सुटका हवी होती. "म्हणजे फुकटची वीज खरीच होती, वहिनींसाठी!" मी म्हटलं, हसा, पोटभर हसा, आणि घरी गेल्यावर आपापल्या कूलरची पिन दोन पायांची आहे का तीन पायांची ते पाहा. हसणं जरा कमी झालं. तीन घरांतून दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. मीटर घेऊन गेले.

गट्टू लागले. ह्यांनी शेवटच्या क्षणी म्हटलं, राहू दे, एवढं काय, पण मी म्हटलं, नाही, शब्द म्हणजे शब्द. कढीपत्ता कुंडीत गेला. मी वाफ्यातली माती पत्र्याच्या डब्यांत भरली आणि गच्चीवर नेली. सगळी, एक एक टोपलं. डब्यांत भरल्यावर प्रत्येक डबा दुसऱ्यापासून वेगळा झाला, आणि वेगळे डबे एकापुढे एक जोडून त्यांचे व्होल्ट वाढवता येतात. जमिनीत ठोकलेल्या सळाखी तसं करू देत नाहीत. हे मला आधी सुचायला हवं होतं. चार डबे, साडेतीन व्होल्ट, खटका दोन्हीकडे फिरवून पाहिलेला. दिवा लागला. मंद आहे, पण माझा आहे. ह्यांना बोलावलं, त्यांनी बघितलं आणि माझ्यासाठी वरच एक जुनं टेबल चढवलं.

साहेबांना नाही दाखवला. ज्यांना बघायचं असेल त्यांनी जिने चढून यावं.

मला तो दाखवायचा होता त्या बाईला. तिला वर घेऊन गेले. मनातून मला काय हवं होतं तेही सांगून टाकते. तिनं म्हणावं, ताई, तुमच्यामुळे वाचली. तेवढंच. ती डब्यांजवळ उभी राहिली, दिव्याकडे बघितलं. मी म्हटलं, "त्या दिवशी हाच दिवा नसता ना वं, तर काय झालं असतं तुझं?"

ती माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही, रागही नव्हता तिच्या तोंडावर.

"मी तं एप्रिल महिन्यापासून सांगून राहिली होती ना ताई तुमाले," ती म्हणाली. "तुमी म्हणल्या तेल लाव. दिव्यानं सांगतलं तवा धावल्या."

आणि खालची भांडी पडली होती म्हणून ती खाली गेली.